रविवारी लाकूड काय करतं

रविवारचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. धाकट्या सुनेने चमचा ताटात ठेवला आणि म्हणाली, "मला एक सांगायचंय. माझ्याकडून चूक झालीय. मोठी."

या घरात चूक अशी जेवताना, सगळ्यांसमोर आणि आपणहून सांगायची पद्धत नव्हती. चूक आधी दुसऱ्या कुणाला तरी सापडायची, मग ती दोन दिवस तिसऱ्याच कुणाच्या तरी नावावर फिरायची, आणि शेवटी घरातली वडीलधारी आत्या ज्याच्याकडे नुसतं बघेल त्याची ठरायची. त्यामुळे टेबलाभोवतीचे चारही हात थांबले. धाकट्याने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पाण्याचा पेला उचलला आणि तो न पिताच खाली ठेवला. त्याला काल रात्रीच कळलं होतं, हे त्या पेल्यावरूनच सगळ्यांना समजलं.

"काय झालं?" थोरल्या दिराने विचारलं.

"नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाईंचा काल फोन आला होता. खुर्च्या बसवायला माणसं कधी येणार म्हणून. मी तारीख सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, अहो, त्याच्या आधी आठ दिवस आमचा पडदा उघडलेला असेल."

"म्हणजे?"

"मी चाळीस दिवस फळीवरचे धरले, दादा. त्यांनी कॅलेंडरचे."

थोरल्याने ताट पुढे सरकवलं. त्याचं अर्धं जेवण राहिलं होतं, पण त्याला ताट सरकवण्याची सवय होती. ते सरकलं की बोलणं सुरू होतंय हे घराला कळायचं.

आता ही फळी काय प्रकार आहे ते सांगितलं पाहिजे. घराच्या मागे यांचा खुर्च्यांचा कारखाना. वाफेवर लाकूड वाकवून खुर्च्यांच्या पाठी करायच्या, त्या साच्यात अडकवून ठेवायच्या आणि मग खुर्ची जोडायची. दारातून आत गेलं की डाव्या हाताला भिंतीवर एक लांब फळी, तिला ओळीने भोकं आणि एक लाकडी खुंटी. कारखाना उघडला की आत्या ती खुंटी एक घर पुढे सरकवायची. कारखाना बंद असला तर खुंटी जागची हलायची नाही. तिच्या वडिलांच्या काळापासून हेच चाललेलं. रविवार, सणवार, कुणाच्या घरचं लग्न, कशाचाही हिशेब वेगळा करायची गरज नाही. जो दिवस खुंटीने पाहिला नाही तो दिवस उजाडलाच नाही, असं समजायचं.

गंमत वाटेल, पण हे सगळं घर त्याच खुंटीवर जगायचं. "चार दिवसांत देतो" म्हटलं की चार घरं. धाकट्याने लहानपणी तापात पडल्यावर डॉक्टरांना सांगितलं होतं की मला तीन दिवस झाले ताप येतोय, आणि शेजारच्या बाईंनी डॉक्टरांना बाहेर बोलावून सांगितलं की पाच झालेत हो, मधले दोन सुट्टीचे होते. अशा घरात आठ वर्षं काढल्यावर माणूस कॅलेंडर फक्त चित्रासाठी टांगतो.

"करारात काय लिहिलंय?" थोरल्याने विचारलं.

"नुसतं चाळीस दिवस."

"आणि तू विचारलं नाहीस, कुठले?"

"मला वाटलंच नाही की दुसरे कुठले असतात."

कुणीतरी हसायला हवं होतं. हसलं कुणीच नाही. थोरला खुर्चीत मागे रेलला. त्याला खरं तर राग आला नव्हता, भीती वाटत होती. त्या दोन भावना त्याच्या चेहऱ्यावर अगदी सारख्या दिसायच्या, आणि त्याचा संसार, भाऊबंद, गिऱ्हाईकं, सगळं त्या सारखेपणाने आजवर अवघड केलं होतं. फळीवर खुंटी बाराव्या घरात होती. बाहेरच्या जगात सोळा दिवस उलटून गेले होते. नाट्यगृहाचं नवं नाटक, तारीख जाहीर झालेली, आणि बसायला जागा नाही. नाट्यगृहवाले दुसऱ्याकडून तयार खुर्च्या आणतील, आणि गावभर सांगत सुटतील की या लोकांना दिवस मोजता येत नाहीत.

"ठीक आहे," तो म्हणाला. "यायचे सगळे रविवार कारखाना उघडायचा. मधल्या सुट्ट्याही. आणि उद्यापासून फोन माझ्याकडे. बाहेरचं बोलणं मी करणार. तू तुझे नकाशे काढ."

धाकटीने मान खाली घातली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. धाकटा भाजीच्या भांड्याचं झाकण नीट बसतंय का ते बघत होता.

*

धाकटी या घरात यायच्या आधी एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत नकाशे काढायची. म्हणून थोरला तिला नकाशेबाई म्हणायचा. सुरुवातीला चिडवायला, मग सवयीने. कारखान्याचं बाहेरचं बोलणं तेव्हा त्याच्याकडे होतं, आणि तो गिऱ्हाइकाशी असा बोलायचा की जणू गिऱ्हाइकाने त्याची खुर्ची चोरलीय. दोन वर्षांपूर्वी आत्याने फोन उचलून धाकटीच्या टेबलावर ठेवला. तेवढंच. पण त्या दिवसापासून धाकटी सभागृहांमध्ये, वाचनालयांमध्ये जाऊन मापं घ्यायला लागली. रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसून मंच दिसतो का ते बघायचं, जाड माणसाला, लहान मुलाला, पायाने अधू असलेल्याला कशी जागा लागेल ते ठरवायचं, हे तिला एवढं आवडायचं की घरी येऊन ती त्या खोल्यांबद्दल माणसांबद्दल बोलावं तशी बोलायची. हे नाट्यगृहाचं काम तिने एकटीने मिळवलेलं पहिलं. कराराखाली सही तिची होती.

आणि आता ते तिच्या हातून जाणार होतं. तिने हे कालच ओळखलं होतं, तरी ताटावर बसून सांगितलं.

"रविवारी कारखाना उघडायचा नाही," आत्या म्हणाली.

आत्या सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू जेवायची. तिने आत्ताशी भात घेतला होता.

"आत्या, आठ दिवस कमी पडतायत."

"ऐकलं मी. माझे कान शाबूत आहेत. दादा, तुझा बाप दीड वर्षाचा होता तेव्हा आमचे बाबा एका सकाळी दाढी करायला आरशासमोर बसले होते. हा खोलीत आला आणि त्यांना बघून घाबरून रडायला लागला. आईला म्हणाला, कोण आलंय. बाबा रोज अंधारात जायचे, अंधारात यायचे, पोराने त्यांना उजेडात पाहिलेलंच नव्हतं. त्या आठवड्यापासून कारखाना रविवारी बंद झाला. कामगारांचाही. त्यांनाही पोरं होती. तुझ्या बापाच्या रडण्याने मिळालेली सुट्टी आहे ती, आणि तू ती नाटकासाठी मोडणार?"

"मग नाटकवाल्यांना काय सांगू? आमच्या बापाला लहानपणी भीती वाटायची म्हणून?"

"ते मला माहीत नाही. उघडायचा नाही, एवढं माहीत आहे."

थोरल्याने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. थोरली हाडांच्या वॉर्डात परिचारिका होती. तिच्या पाळ्या अशा असायच्या की तिचा रविवार कधी बुधवारी यायचा, कधी यायचाच नाही. ती बोलायची कमी. त्यामुळे दोन्ही जावांचं पटत नाही असा सगळ्या नातेवाइकांचा पक्का समज होता, आणि त्या दोघींनी तो कधी खोडला नव्हता. खोडायला वेळच नव्हता. एक घरी असायची तेव्हा दुसरी झोपलेली असायची.

"अगं, तू तरी सांग आत्याला," थोरला म्हणाला.

थोरली फळ सोलत होती. तिने साल पूर्ण काढली, फोडी केल्या, एक आत्याच्या ताटात ठेवली.

"अहो, मला एक कळत नाही," ती म्हणाली. "तुम्ही पाठी साच्यात ठेवता. किती दिवस?"

"पाच."

"कुठले पाच?"

"कुठले म्हणजे? फळीवरचे."

"म्हणजे मधे रविवार आला तर तो धरत नाही?"

"नाही. बंद असतो ना."

"बंद तुम्ही असता," थोरली म्हणाली. "लाकूडही बंद असतं का?"

थोरल्याने सरकवलेलं ताट पुन्हा जवळ ओढलं.

"आमच्याकडे माणूस येतो," ती पुढे म्हणाली, तोच आवाज, तोच चाकू हातात. "पाय मोडलेला. आम्ही प्लास्टर घालतो, सांगतो सहा आठवडे. डॉक्टर रविवारी येत नाहीत, बाहेरचा विभाग बंद, प्लास्टर कापणारा सुट्टीवर. पण हाड रोज जुळत असतं. सुट्टीच्या दिवशी ते काही म्हणत नाही की आज नको. आम्ही माणसांची पाळी वेगळी लावतो आणि हाडाचे दिवस वेगळे मोजतो. तुमच्याकडे सगळं एकाच खुंटीवर आहे. हे मला लग्न झाल्यापासून विचित्र वाटतंय, पण मला वाटलं लाकडाचं काहीतरी वेगळं असेल."

"लग्न झाल्यापासून?" थोरला म्हणाला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

धाकटा पहिल्यांदा हसला. झाकण सोडून दिलं त्याने.

"पॉलिशचंही तेच," धाकटी हळूच म्हणाली. तिचं डोकं धावायला लागलं होतं, आवाज मागून येत होता. "शनिवारी पहिला हात मारला की एक दिवस वाळायला म्हणून आपण सोमवार जाऊ देतो. दुसरा हात मंगळवारी. रविवारी ते वाळलेलंच असतं. आपण वाळलेलं पुन्हा वाळवतो."

तिने जावेकडे पाहिलं. थोरलीने फळाची बशी तिच्याकडे सरकवली.

*

आत्याने जेवण संपवलं, हात धुतले, आणि सगळे तिच्या मागे बैठकीच्या खोलीत गेले. कुणी बोलवलं नव्हतं. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची तिच्या वडिलांनी वाकवलेली होती, आणि इतक्या वर्षांत तिची पाठ केसभरही उघडली नव्हती, म्हणजे बाक सोडून सरळ झाली नव्हती.

"बाबांना काय हे कळत नव्हतं असं वाटतं तुम्हाला?" ती म्हणाली. "त्यांनाही माहीत होतं की लाकूड रविवारीही सुकतं."

"मग धरत का नव्हते?" धाकट्याने विचारलं.

"बाबा म्हणायचे, ज्या दिवशी लाकडाला कुणी बघितलं नाही तो दिवस मोजायचा नाही. साच्यात घातलं म्हणजे झालं असं नसतं. हवा दमट झाली, साचा आवळून धरणारा एखादा शिकंजा सैल पडला, बारीकशी चीर गेली, तर आजच्या आज बघावं लागतं. बघायला कुणी नाही, तर त्या दिवसाचा भरवसा नाही. म्हणून सोडून द्यायचा. त्यात काय चुकलं?"

थोरल्याला आजोबांचा एवढा अभिमान वाटला की क्षणभर तो नाट्यगृह विसरला. तो त्याच माणसाच्या कारखान्यात मोठा झाला होता. त्याने आजोबांना पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या हातची खुर्ची दुरुस्तीला आली की तो ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"चुकलं काहीच नाही," थोरली म्हणाली. ती दारातच उभी होती. "फक्त एक विचारू, आत्या? रागावू नका."

"विचार."

"तुम्ही रविवारी सकाळी चपला घालून कुठे जाता?"

आत्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"पाय मोकळे करायला."

"मी रात्रपाळी करून येते तेव्हा तुम्ही मागच्या दाराने निघालेल्या असता. पाय मोकळे करायला लोक पुढच्या दाराने जातात. मागच्या दाराने एकच वाट आहे."

आत्याचं वय बघता तिला लाजलेलं पाहण्याची संधी या घरात कुणाला मिळाली नव्हती. आज मिळाली. ती पदराचं टोक उगाचच सारखं करत राहिली.

"काम नाही करत मी," ती म्हणाली. "दिवाही लावत नाही. नुसती फिरते. हात लावून बघते एकेका पाठीला. शिकंजा सैल वाटला तर पिळते, एवढंच. बाबा गेल्यापासून एक रविवार चुकला असेल. हा तुझा नवरा जन्मला तेव्हा."

धाकटीला काय वाटलं ते तिला नंतर कितीतरी दिवस नीट सांगता आलं नाही. एवढी वर्षं ही बाई सुट्टीच्या दिवशी एकटी कारखान्यात फिरत होती, कुणाला न सांगता, लाकडावर तळवा ठेवून. आणि सोमवारी खुंटी सरकवताना तो दिवस सोडून देत होती, कारण तो फक्त तिचा होता.

"म्हणजे बघितलंय," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो मोठा झाला. "आत्या, प्रत्येक रविवारी लाकडाला बघितलंय. आजोबांच्या हिशेबाने ते दिवस मोजायलाच हवेत."

"तू गप्प बस," आत्या म्हणाली, पण तिला आवडलेलं लपलं नाही.

"नाही बसणार. जेवताना बसलो, तेच चुकलं." तो बायकोकडे वळला. "तुला एकटीला बोलू दिलं मी मघाशी."

"दिलंस," धाकटी म्हणाली. "घरी गेल्यावर बोलू." घरीच होते सगळे. ती म्हणत होती त्यांच्या खोलीबद्दल, आणि धाकट्याला ते बरोबर कळलं.

थोरला अजून उभाच होता. "हे सगळं बोलायला छान आहे," तो म्हणाला. "पण लाकूड भाषण ऐकून वाकलेलं राहत नाही. पाच फळीचे दिवस झाल्याशिवाय साचा आजवर आपण उघडलेला नाही. चार दिवस नि एक रविवार, एवढ्यावर काढलं आणि पाठ उघडली तर? नाट्यगृहात बसलेल्या माणसाची टेकताना खुर्ची सुटायला लागली तर? उशीर परवडला."

हे बोलणं बरोबर होतं, हे सगळ्यांनी मनातल्या मनात मान्य केलं. थोरल्याचं तोंड वाईट असेल, पण त्याने बसवलेली खुर्ची कधी कुणाखाली करकरली नव्हती. आत्या उठली.

"गेल्या मंगळवारी घातलेली खेप आहे ना आत? फळीवर उद्या पाच होतात. कॅलेंडरवर आज. चला."

"आत्या, रविवार आहे," थोरला म्हणाला. मघाशी हाच रविवार मोडायला निघाला होता.

"काम नाही करायचं. बघायचंय."

*

कारखान्यात उन्हाचे लांब पट्टे जमिनीवर पडले होते. यंत्रं थंड, भुसा झाडून एका कोपऱ्यात लावलेला, वाफेच्या पेटीचं झाकण उघडं. सुट्टीच्या दिवशी ही जागा कशी दिसते ते आत्या सोडून कुणालाच माहीत नव्हतं. आवाज न करता सगळे आत आले, जणू कुणीतरी झोपलंय.

धाकट्याने कडेचा एक साचा निवडला. त्याने वाकवलेलं लाकूड तो नुसत्या मागच्या बाजूच्या रंगावरून ओळखायचा. त्याने शिकंजे एकेक करून सैल केले, घाई न करता, दोन्ही बाजूंनी सारखे. पाठ साच्यातून सुटून त्याच्या हातात आली. त्याने ती नमुन्यावर, म्हणजे हव्या त्या बाकाच्या पक्क्या मापावर, आडवी ठेवली आणि हात मागे घेतले.

"आता थांबायचं," आत्या म्हणाली. "उघडायची असेल तर तासाभरात उघडेल."

तासभर पाचही जण एका वाकड्या लाकडाकडे बघत बसले. थोरलीने घरातून चहा आणला. धाकटी जमिनीवर उकिडवी बसून खडूने फरशीवर खेपा मांडायला लागली. माणसांचे दिवस एका ओळीत, लाकडाचे दुसऱ्या ओळीत. रविवार आला की माणसांची ओळ थांबायची, लाकडाची पुढे जायची. थोरल्याने न बघण्याचा प्रयत्न केला, मग मान तिरकी करून बघितलं, मग सरळ येऊन उभा राहिला.

"ही खेप इथे का ठेवलीस?"

"शनिवारी संध्याकाळी साच्यात गेली की रविवार तिचा पहिला दिवस. आपण घरी असताना."

"हं." तो बसला. "किती मिळाले?"

"सात." तिने खडू खाली ठेवला. "एक दिवस अजून कमी पडतो, दादा."

तिने तो दिवस लपवला नाही, कुठेतरी कोंबलाही नाही. आत्याच्या हे लक्षात आलं. थोरल्याच्याही आलं.

"कागद आण कुणीतरी," आत्या म्हणाली. "पातळ."

थोरल्याने खिशातून चुरगळलेला चिटोरा काढला, मांडीवर दाबून सरळ केला आणि स्वतःच नमुन्याजवळ गेला. पाठ उघडली असेल तर लाकूड आणि नमुना यांच्यामध्ये कागद शिरतो. त्याने वरून घालून पाहिला. खालून, दोन्ही टोकांना, मधल्या बाकाजवळ, जिथे लाकूड सगळ्यात आधी दगा देतं. कागद दुमडला, आत गेला नाही. त्याने दुसऱ्या बाजूनेही सगळं पुन्हा केलं. मग पाठीवर तळवा ठेवून तो तसाच उभा राहिला. कागद आत जाऊ नये असं आपल्याला एवढं वाटत होतं, हे त्याला आत्ता कळलं.

"घट्ट आहे," तो म्हणाला. "आजोबांच्या वेळेसारखी."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. थोरली रिकामे कप गोळा करायला लागली, कारण तिची पाळी होती आणि तिला निघायचं होतं.

"बाकी राहिला एक दिवस," थोरला पुन्हा फरशीजवळ आला. त्याने खडू उचलला. "सगळ्या खुर्च्या तयार झाल्यावर एकदम बसवायला न्यायच्या, ही माझी पद्धत. सगळ्या एका रंगात आहेत का ते तिथेच दिसतं म्हणून. पण मागच्या रांगा आधी बसवल्या, पुढच्या वाळत असताना, तर बसवणीतला एक दिवस सुटतो. दीडही सुटेल." तो क्षणभर थांबला. "आवडणार नाही मला. पण सुटेल."

त्याने धाकटीच्या शेवटच्या चौकटीत रेघ मारली. खडू तुटला.

"दादा," आत्या म्हणाली, "तू मघाशी जेवताना हिला विचारलंस ना, कुठले दिवस ते विचारलं का नाहीस म्हणून?"

"हो."

"बाहेरची कुणी असती ना, तर तिने कॅलेंडर बघून सही केली असती. चुकली नसती. हिच्यासमोर माणूस चाळीस दिवस म्हणाला आणि हिच्या डोळ्यांसमोर आपली फळी आली. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. तुझ्या हातून झाली असती, माझ्या हातून झाली असती."

धाकटी उठून भिंतीजवळ गेली, कारण तिला डोळे पुसायचे होते आणि तिथे फळी होती. तिने खुंटीला हात लावला नाही. रविवार होता.

*

सोमवारी सकाळी आत्या नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आली. पण तिने खुंटी सरकवली नाही. ती वाट बघत थांबली. कामगार आले, कपडे बदलून आत आले, आणि खुंटी जुन्याच घरात बघून गोंधळले. एकाने तर विचारलं, आज सुट्टी आहे का.

धाकटी आली तेव्हा आत्याने तिच्या हातात दुसरी खुंटी दिली. नवी, अजून पॉलिश न केलेली. धाकट्याने पहाटे उठून कोरली होती, आणि फळीच्या खाली भोकांची दुसरी ओळही पाडली होती.

"वरची माणसांची," आत्या म्हणाली. "ती मी सरकवते. खालची लाकडाची. ती आजपासून तू बघ. आणि रविवारी सकाळी मागच्या दाराने यायचं. दोघी येऊ. माझे गुडघे दुखतात हल्ली, एकटीने शिकंजा पिळवत नाही."

धाकटीने मान हलवली. आत्याने वरची खुंटी एक घर पुढे नेली. धाकटीने खालची दोन घरं पुढे नेली, कालचं आणि आजचं. कामगार बघत होते. त्यांतल्या सगळ्यात जुन्या माणसाने डोकं खाजवलं आणि तो वाफेच्या पेटीकडे गेला.

तेवढ्यात कचेरीच्या टेबलावरचा फोन वाजला. थोरला तिथेच होता. त्याने सकाळी येऊन फोन आपल्या टेबलावर आणून ठेवला होता, काल जेवताना बोलल्याप्रमाणे, आणि तो परत न्यायला त्याला वेळ मिळाला नव्हता, किंवा जमलं नव्हतं. त्याने उचलला.

"हो, बोला," तो म्हणाला. मग नुसतं ऐकत राहिला. व्यवस्थापक बाईंचा आवाज काचेतून बाहेरपर्यंत येत होता. किती दिवस राहिले, वेळेवर होणार की नाही, स्पष्ट सांगा. थोरल्याच्या कपाळावर आठी चढली. त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. घराला माहीत होतं की आता काय होणार.

त्याने तोंड मिटलं. फोन कानापासून दूर धरला, तारेसकट उचलून कचेरीतून बाहेर आणला आणि धाकटीच्या टेबलावर, त्याच्या जुन्या जागी ठेवला.

"नकाशेबाई," तो म्हणाला, "तुझा फोन आहे."